हरायला वेळ लागतो

मरोळमध्ये मैदान शोधायला निघालात तर आधी पोलीस प्रशिक्षण केंद्राची भिंत लागते, मग एमआयडीसीचे गाळे, मग मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या सोसायट्या. शाळांची आवारं आहेत, तासावर भाड्याने मिळणारी टर्फ आहेत. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने रोज दोन तास नीट खेळ शिकावा अशी जागा सहज सापडत नाही. त्यामुळे इथलं खेळणारं मूल म्हणजे प्रवास करणारं मूल. पोहणारं असेल तर अंधेरी पश्चिमेचं शहाजीराजे क्रीडा संकुल, क्रिकेटवालं असेल तर आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल. २०१४ च्या जूनपर्यंत याचा अर्थ होता बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा, अंधेरी स्टेशन, आणि डब्यातल्या लोकांची बोलणी खात दाराशी उभी केलेली किट बॅग. मग वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिसरी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, आणि मरोळ नाक्याला जमिनीखाली उतरलेला मुलगा आता गाडी न बदलता सीएसएमटीला, म्हणजे आझाद मैदानाच्या तोंडाशी वर येतो.

त्याच्याबरोबर बहुधा आई असते, नाहीतर रजा टाकलेला बाप. जिंकण्या-हरण्याबद्दल त्यांना विचारलं की उत्तर तयार असतं: ‘हरला तरी चालेल हो, पण लढला पाहिजे.’ हे खोटं नसतं. पण तेच मूल एखाद्या दिवशी एकटं जाऊन परत आलं की दारातला पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असतो. त्या प्रश्नाचा अर्थ मुलाला बरोबर कळतो. म्हणून तेही आपण कसं खेळलो हे सांगत बसत नाही, थेट निकाल सांगून मोकळं होतं.

या दोन वाक्यांमधल्या अंतरावर क्रीडा-मानसशास्त्रात गेली पन्नासएक वर्षं लिहिलं जातं आहे आणि बहुतेक लिखाण पालकांना समजावण्याकडे झुकतं: दडपण आणू नका, निकालापेक्षा मेहनतीचं कौतुक करा. सल्ला चांगलाच आहे. मुंबईच्या उपनगरांत मात्र तो अर्धाच लागू पडतो असं मला वाटतं. इथल्या आईबापांना मुलाची हार सोसत नाही याचं कारण त्यांच्या स्वभावात थोडं आणि वेळापत्रकात जास्त आहे. हरून पुन्हा उभं राहायला जो अवधी लागतो, तो त्यांच्या मुलाला कुणी देऊच केलेला नसतो.

आपल्याकडच्या शालेय खेळातल्या विजयाचं टोक कल्याणला गाठलं गेलं. ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत के. सी. गांधी शाळेच्या १५ वर्षांच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ मध्ये केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. के. सी. गांधीने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. प्रणवचे वडील प्रशांत धनावडे रिक्षा चालवायचे. दुसऱ्या दिवशी कॅमेरे, सत्कार, पुढारी सगळं आलं, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली.

समोरच्या संघाने ३१ आणि ५२ धावा केल्या. हार एक डाव आणि १३८२ धावांची. त्या शाळेची मोठी मुलं दहावीच्या परीक्षेमुळे आलीच नव्हती. क्षेत्ररक्षणाला उभी होती ती बरीच लहान मुलं, दोन दिवस चेंडूमागे पळणारी. त्यांच्या आईबापांनी त्या दोन संध्याकाळी घरी काय बोलणं केलं हे कुठे छापून आलेलं नाही. त्याच सामन्यात दहावीने अर्धा संघ आधीच गिळला होता, हेही विक्रमाच्या बातमीत तळाशी गेलं. या विषयावरचं आपलं सगळं लिखाण जिंकणाऱ्याच्या घरी जाऊन पेढे खातं. हरणाऱ्याच्या घरी कुणी जात नाही, आणि या विषयावरची खरी माहिती तर तिथेच असते.

पण जिंकणाऱ्याच्या घरी पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पश्चिम विभागाचा १६ वर्षांखालचा संघ जाहीर झाला. त्यात अर्जुन तेंडुलकरचं नाव होतं, प्रणवचं नव्हतं. समाजमाध्यमांवर गदारोळ झाला: हजार करणारा रिक्षावाल्याचा मुलगा बाहेर आणि सचिनचा मुलगा आत. मुंबईतल्या क्रिकेटवाल्या पालकांचा हा आवडता सिद्धांत आहे. यादीत नाव आलं नाही की ‘पॉलिटिक्स आहे’. सिद्धांत काही वेळा खराही असतो, म्हणून तर तो इतका टिकतो. पण या प्रसंगात ज्याला तो सर्वांत सोयीचा होता त्या बापानेच तो नाकारला. प्रशांत धनावडेंनी सांगितलं की प्रणव मुंबईच्या १६ वर्षांखालच्या संघात नव्हता, त्यामुळे विभागाच्या निवडीत तो येणारच नव्हता. दोन्ही मुलं मित्र आहेत आणि अन्याय वगैरे काही झालेला नाही.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मला तरी हजार धावांपेक्षा दुर्मीळ वाटते. मुलाची कामगिरी घसरली आहे, तेव्हा ती सुधारेपर्यंत शिष्यवृत्ती थांबवावी, असं पत्र त्यांनी असोसिएशनला पाठवलं. याकडे दोन बाजूंनी पाहता येतं. एक म्हणजे विजयाचं ओझं मुलाच्या डोक्यावरून उतरवणारा शहाणा बाप. दुसरं म्हणजे धावा थांबल्या की पैसे थांबले पाहिजेत, म्हणजे आधार हा निकालाचा मोबदला आहे, असं मनातून मान्य केलेला बाप. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूला खरं तर कामगिरी घसरते तेव्हाच मदतीची गरज जास्त असते. मला त्या पत्रात दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

शालेय क्रिकेटचे आकडे हा मुंबईचा जुना नाद. हॅरिस शिल्ड, जाइल्स शिल्ड, मैदानावर एकमेकांत घुसलेल्या खेळपट्ट्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नाव. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. तेव्हापासून घरोघरी एक पाठ दिला जातो: विनोदच्या धावा जास्त होत्या, पण सचिनने मेहनत केली. कांजूरमार्गच्या एका मेकॅनिकच्या मुलाने १७ कसोटींत ५४ च्या सरासरीने धावा केल्या, लागोपाठ दोन द्विशतकं ठोकली, आणि आपण त्याला तीस वर्षं वर्गातलं वाईट उदाहरण म्हणून वापरतो. हा पाठ मुलांना मेहनत शिकवत नाही. तो शिकवतो की भारतासाठी कसोटी खेळूनही तू नापास ठरू शकतोस.

त्या भागीच्या आदल्या वर्षीची गोष्ट पालकांमध्ये कमी सांगितली जाते. १९८७ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनचा सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार सचिनला मिळाला नाही. सुनील गावसकरांनी त्याला पत्र लिहिलं: निराश होऊ नकोस, या पुरस्काराच्या यादीत आणखी एक नाव सापडणार नाही आणि त्या माणसाने कसोटीत काही वाईट कामगिरी केलेली नाही. ते नाव अर्थात गावसकरांचंच. घरात हे काम रमेश तेंडुलकरांनी केलं. मराठीचे प्राध्यापक, कवी. वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात, १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, सचिनने सांगितलं की वडिलांनी आपल्याला अकराव्या वर्षी मोकळीक दिली आणि स्वप्नांमागे जा पण आडवाटेचा सोपा रस्ता धरू नकोस, एवढंच बजावलं. मात्र त्या घराला काका-काकूंचं शिवाजी पार्कजवळचं घर उपलब्ध होतं, मोठा भाऊ अजित पूर्णवेळ लक्ष घालत होता, आणि रमाकांत आचरेकर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर स्कूटरवरून नेत होते. मोकळीक देणाऱ्या बापामागे एवढी माणसं उभी होती, हे पालकांच्या मेळाव्यात ती गोष्ट सांगताना गाळलं जातं.

उपनगरातल्या मुलांना हे सगळं स्वतः जमवावं लागलं. रोहित शर्मा आजी-आजोबा आणि काकांकडे बोरिवलीला राहिला, कारण आईवडील डोंबिवलीला एका खोलीत होते. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं तेव्हा फी परवडत नव्हती, ती माफ करून घ्यावी लागली. अजिंक्य रहाणेने सांगितलेली आठवण तर प्रत्येक लोकलवाल्या बापाने ऐकावी अशी. डोंबिवलीहून सीएसटीला सरावासाठी जायचं होतं. पहिल्या दिवशी वडील सोबत आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, एकटा जा. आणि स्वतः मागच्या डब्यात बसून पाहत राहिले, पोरगं नीट उतरतं का. खात्री पटल्यावर येणं थांबवलं. बेस्टमध्ये नोकरी करणाऱ्या त्या बापाने मैदानाच्या कडेला उभं राहून ‘पाय हलव, पाय’ असं ओरडण्यापेक्षा हे कितीतरी अवघड काम केलं.

क्रिकेट सोडून बाकीच्या खेळांत विजयाचं चलन वेगळं आहे. तिथे पेपरात नाव येत नाही, म्हणून कागद लागतो. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धा, ज्यांना सगळे ‘डीएसओ’ म्हणतात, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतात. पायरीप्रमाणे दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, कमाल २५. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. त्यामुळे बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसच्या हॉलबाहेर बसलेल्या आईला ‘मुलगी चांगलं खेळली’ हे ऐकून समाधान का होत नाही, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. चांगलं खेळल्याचे गुण नाहीत. विभागाला गेल्याचे आहेत.

कागदाला एवढी किंमत आली की तो खोटाही छापला जातो. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बनावट प्रमाणपत्रं जोडून सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं प्रकरण २०२० नंतर महाराष्ट्रात गाजलं. न खेळता जिंकलेली ही माणसं. वयचोरी हे याचंच धाकटं भावंड. क्रिकेट मंडळाला १६ वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजावं लागतं, याचा अर्थ काय? वर्ष-दीड वर्ष मागे सरकवलेली जन्मतारीख कुठल्याही मुलाने स्वतः सरकवलेली नसते. अशा वेळी ‘लढला पाहिजे’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्याने मुलाला आधीच सांगून टाकलेलं असतं की खऱ्या वयात तू हरशील.

आता बाहेरचं संशोधन. त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा निष्कर्ष जुना आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात सिएटलच्या परिसरातल्या मुलांच्या बेसबॉल संघांचा अभ्यास केला. मुलांना आपला प्रशिक्षक किती आवडतो याचा, संघ किती सामने जिंकला याच्याशी जवळजवळ संबंध नव्हता. प्रशिक्षक धीर देतो का, नीट शिकवतो का, यावर ते ठरत होतं. मात्र जिंकणाऱ्या संघांतल्या मुलांना वाटत होतं की आपल्या आईवडिलांना आपला प्रशिक्षक जास्त आवडतो. म्हणजे निकालाचं महत्त्व मुलांनी मोठ्यांच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.

युटा स्टेट विद्यापीठातल्या ट्रॅव्हिस डॉर्श आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पैशाचा धागा पकडला. कुटुंबाच्या उत्पन्नातला जितका मोठा वाटा मुलाच्या खेळावर जातो, तितकं मुलाला दडपण जास्त जाणवतं आणि खेळातली मजा कमी होते. इथे रुपयांचा आकडा महत्त्वाचा नाही, वाटा महत्त्वाचा आहे. अंधेरीच्या मोठ्या टॉवरमधल्या घराला पिसांच्या शटलचा डबा जेवढ्याला पडतो तेवढ्यालाच तो मरोळच्या चाळीतल्या घराला पडतो, पण दुसऱ्या घरात त्या डब्याबरोबर एक वाक्यही येतं: ‘किती महाग आहेत माहितीये ना?’ रॅकेटचं गटिंग, बुटांचे तळ, फिजिओ, शिबिराची फी, प्रवास, आणि आईने सोडलेली नोकरी. हे शेवटचं कुठल्याच हिशोबात धरलं जात नाही आणि सर्वांत जास्त जाणवतं तेच. पालक मुद्दाम दडपण आणत नाहीत. घरातल्या प्रत्येक ‘नको, राहू दे’मधून ते मुलापर्यंत पोचतं.

कॅनडाच्या जाँ कोते यांनी १९९९ मध्ये खेळाडूंच्या कुटुंबांवरून एक आराखडा मांडला, तो आज जगभर वापरला जातो. साधारण बाराव्या वर्षापर्यंत अनेक खेळ चाखायचे, तेरा ते पंधरा या काळात एक-दोन खेळांकडे वळायचं, आणि सोळाव्या वर्षापासून एका खेळात सर्वस्व ओतायचं. हा आराखडा आपल्या शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवून पाहा. जिथे ‘सर्वस्व ओतायचं’ असं लिहिलंय, तिथे आपल्याकडे दहावीचा बोर्ड आहे, त्यापाठोपाठ अकरावी-बारावीचे क्लास. मग पालक उलटं गणित करतात आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असतं: जे काही सिद्ध करायचं ते नववीच्या आत. जाइल्स शिल्ड १४ वर्षांखालची, हॅरिस १६ खालची. म्हणजे आठवी-नववीतले दोन हंगाम. त्यातला एक आजारपणात किंवा उंची अचानक वाढून तंत्र बिघडण्यात गेला, तर उरला एक. त्या एका हंगामात पहिल्या फेरीत हरणं म्हणजे फक्त सामना हरणं नव्हे, हे बापाला दिसतं. ‘दहावी झाली की बघू’ असं तो म्हणतो, आणि दहावीनंतर फार थोडी मुलं परत येतात हेही त्याला माहीत असतं.

नॉर्वेचं उदाहरण हल्ली फार दिलं जातं. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी नियम आहेत: अकरा वर्षांपर्यंत निकालपत्रकं आणि क्रमवारी लावायची नाही, तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. आणि साठ लाखांहून कमी वस्तीचा हा देश २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेऊन पहिला आला. हे ऐकून आपल्याकडचे आयोजक मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी सात वर्षांखालच्या मुलांना गळ्यापेक्षा मोठी पदकं घालतात. नॉर्वेत हे चालतं कारण तिथे तेराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यालाही मैदान, प्रशिक्षक आणि पंचवीस वर्षांपर्यंतचा काळ आहे. नुसती निकालपत्रकं बंद करून मरोळच्या मुलाला यातलं काहीच मिळणार नाही.

काळ मिळाला की काय होतं, याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. स्वप्निल कुसळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, आई सरपंच. २००९ मध्ये तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत चौथा, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत पुन्हा चौथा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांत कांस्य. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला फोनसुद्धा केला नाही, असं वडिलांनी सांगितलं. हे सुंदर आहे. पण हेही पाहा, की फोन न करण्याएवढं निर्धास्त राहता येत होतं, कारण घराबाहेर पडून मुलाला दहा-पंधरा वर्षं झाली होती आणि हातात पगाराची नोकरी होती. काही महिन्यांनी त्याच वडिलांनी राज्य सरकारचं दोन कोटींचं बक्षीस अपुरं आहे, पाच कोटी आणि बालेवाडीजवळ घर द्यायला हवं, असं जाहीरपणे म्हटलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला त्यात हाव दिसली नाही. पंधरा वर्षांच्या वाटेचा हिशोब बापाच्या डोक्यात होता. आपल्याला बापाने फोन न करणं आवडतं आणि हिशोब मांडणं आवडत नाही, एवढंच.

बाप आणि प्रशिक्षक एकच असला की प्रश्न आणखी गुंततो, कारण मग सामना जेवणाच्या ताटापर्यंत चालतो. सरफराज खानने २००९ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ४३९ धावा केल्या, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. प्रशिक्षक वडील नौशाद खान. कसोटीची टोपी मिळाली १५ फेब्रुवारी २०२४ ला, राजकोटला. सीमारेषेपाशी रडणाऱ्या नौशाद यांचं चित्र देशाने पाहिलं. चौदा वर्षांची ती वाट पाहायला कुटुंबात दुसरा कुठलाच बेत नसावा लागतो. तसं जगणं किती घरांना झेपेल आणि किती घरांनी झेपवावं, मला शंका आहे. विरारहून वडिलांसोबत वांद्र्याला सरावाला येणाऱ्या पृथ्वी शॉची कहाणीही अशीच सुरू झाली. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी धंदा सोडून दिलेला. चौदाव्या वर्षी हॅरिस शिल्डमध्ये ५४६, २०१८ मध्ये पदार्पणाच्या कसोटीत १३४. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून बाहेर आणि आयपीएलच्या लिलावात बोली नाही. लगेच त्याला ‘वाया गेला’च्या रांगेत उभं केलं गेलं, पंचविसाव्या वर्षी. पुढच्याच हंगामात त्याने महाराष्ट्राकडून द्विशतक केलं, पण रांग लावणारे तोवर दुसऱ्या कुणाकडे वळले होते.

मुलींच्या बाबतीत फरक असा की हार ही पुष्कळदा थांबण्याची सोय ठरते. मुलगा हरला की क्लास बदलतात, मुलगी हरली की ‘बास झालं आता’. जेमिमा रॉड्रिग्जच्या घरी तसं झालं नाही. कुटुंब भांडुपला होतं. मुलांच्या खेळासाठी ते वांद्र्याला आलं. वडील आयव्हन यांनी तिच्या शाळेत मुलींचं क्रिकेट उभं केलं. २०२२ च्या विश्वचषकाच्या संघातून ती वगळली गेली. २०२५ च्या विश्वचषकात दोनदा शून्यावर बाद झाली आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात बाहेर बसली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात तिने नाबाद १२७ धावा केल्या आणि पत्रकारांसमोर सांगितलं, की या स्पर्धेत आपण चिंतेने ग्रासलो होतो, जवळजवळ रोज रडत होतो, आईला फोन लावून रडत होतो. तिची खेळी पालकांनी मुलींना दाखवलीच. फोनवर आईने काय केलं असेल, त्याचा विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पंचवीस वर्षांची, भारतासाठी खेळणारी मुलगी रडायला घरी फोन करू शकते, याचा अर्थ लहानपणी शून्यावर बाद होऊन घरी येणं त्या घरात धोक्याचं नव्हतं.

असं घर प्रत्येकाला जमेल असं नाही. पण घराबाहेरची एक गोष्ट बदलता येते आणि तिच्याबद्दल पालक सभेत कुणी बोलत नाही: स्पर्धेची रचना. बाद पद्धतीत ६४ मुलं उतरली की ३२ एकेक सामना खेळून घरी. मरोळहून सकाळी सहाला निघायचं, तीन तास नाव पुकारण्याची वाट पाहायची, वीस मिनिटांत हरायचं, परत. त्या वीस मिनिटांवर आईची रजा, गटिंग, सकाळचा डबा, सगळं लटकलेलं. अशा दिवशी कुठली आई ‘मजा आली का?’ विचारेल? याउलट बुद्धिबळाच्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. पहिल्या फेरीत हरलेला मुलगाही शेवटच्या फेरीपर्यंत खेळतो, आणि समोर हळूहळू त्याच्या ताकदीचेच प्रतिस्पर्धी येतात. म्हणून बुद्धिबळाच्या हॉलबाहेरची पालकांची बोलीच वेगळी आहे. ‘जिंकला का?’ऐवजी ‘किती झाले?’ विचारतात. नऊपैकी साडेपाच. त्यातले साडेतीन गेले, याचं सुतक नसतं. तिथेही रेटिंगचं वेड आहेच, फोनवर आकडा सारखा उघडून पाहणारे बाप आहेत, अहंकार आहेत. बुद्धिबळातले आईबाप काही थोर नाहीत. दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यावर डॉक्टर आईला मारलेली मिठी सगळ्यांनी पाहिली. त्याआधी त्या मायलेकींनी अशा हॉलमध्ये किती पराभव पचवले असतील याची मोजदाद कुणाकडे नाही, आणि तशी वेळही त्या खेळाने येऊ दिली नाही, कारण दर पराभवानंतर दुपारी दुसरी फेरी होती.

जिल्ह्याच्या शालेय बॅडमिंटनमध्ये, टेबल टेनिसमध्ये पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळा गट ठेवणं किंवा चार-चारच्या साखळीने सुरुवात करणं यात तांत्रिक अडचण नाही. खासगी अकादम्यांच्या स्पर्धांत हे होतंही. अडचण सांगितली जाते ती हॉलची आणि पंचांची. ३२ मुलांना आणखी एकेक सामना म्हणजे १६ सामने. चार कोर्टांवर दीड-दोन तास आणि शटलचे काही डबे. येत्या हंगामाच्या आधी शाळांच्या क्रीडाशिक्षकांची बैठक होते तेव्हा हा विषय पत्रिकेवर घालायला एखाद्या पालकाचं पत्रही पुरेल.